नळाची धार आणि पोटातला गोळा

प्रश्न : मी लातूरला राहते, वय ३६. माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. त्याने नळ चालू सोडला किंवा बादली भरून वाहू लागली की माझ्या पोटात गोळा येतो आणि दुसऱ्याच क्षणी मी इतकी ओरडते की शेजारच्या काकू दारात येऊन उभ्या राहतात. गेल्या महिन्यात तर हात उगारला. यजमान दाढी करताना नळ तसाच सोडतात, तेव्हा मात्र मी काही बोलत नाही. २०१६ साली मी नवी सून होते आणि मध्यरात्री टँकरच्या रांगेत उभी राहत होते. आता घरात टाकी आहे, पाणीही आहे. ओरडून झाल्यावर मन खात राहते, पण उद्यापासून रागवायचे नाही हा निश्चय आठवडाभरही टिकत नाही. हा माझा स्वभावच असेल का?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात मला सर्वांत महत्त्वाचा वाटला तो ‘गोळा’ हा शब्द, कारण ओरडण्याच्या आधी तुम्हाला जे होते ते तुम्ही त्यात अचूक पकडले आहे. मांजरा धरण कोरडे पडले, मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले आणि पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागू झाली, त्या वर्षी लातुरात सांडलेली कळशी हे खरोखरीचे संकट होते. तेव्हाची धास्ती योग्यच होती. मात्र मेंदूतील धोका हेरणारी यंत्रणा दिनदर्शिका पाहत नाही. वाहत्या पाण्याचा आवाज कानी पडताच, टाकी भरलेली आहे हा विचार मनात येण्याआधीच, ती शरीराला सावध करते. तुमचा राग ही त्या जुन्या भीतीची वरची साल आहे. म्हणून याला मी स्वभाव म्हणणार नाही. ही शिकलेली सवय आहे.

यजमानांविषयीचे वाक्य तुम्ही जाता जाता लिहिले असावे, पण मी तिथे थबकलो. गोळा तेव्हाही येत असणार, तरी तुम्ही थांबता. म्हणजे थांबता येते, आणि राग निघतो तो जिथून उलट उत्तर येणार नाही तिथे. हे बोचेल, पण बदलाची जागा मला इथेच दिसते.

राग गिळण्याचा निश्चय मोडतो याचे नवल नाही. मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांच्या १९९८ च्या प्रयोगात भावना दडवणाऱ्यांच्या चेहऱ्यावर ती कमी दिसली, पण आत ती तेवढीच राहिली आणि शरीरावरचा ताण उलट वाढला. समोरच्या दृश्याकडे अलिप्त नजरेने पाहणाऱ्यांना मात्र ती मुळातच कमी जाणवली. तेव्हा गोळा आला की ‘ही २०१६ ची धास्ती आहे’ असे मनात म्हणा, स्वतः जाऊन नळ बंद करा आणि मगच मुलाशी बोला. सुरुवातीला हे ओरडून झाल्यावरच आठवेल. तेही चालेल, पुढे ते ओरडताना आठवेल आणि काही काळाने ओरडण्याआधी. साधी दैनंदिन कृती अंगवळणी पडायला किती दिवस लागतात हे लंडनमधील एका अभ्यासात पाहिले, तेव्हा कोणाला १८ दिवस लागतील तर कोणाला २५४, असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही, हेही त्यात आढळले. भावनेची सवय याहून चिवट असते, म्हणून आठवड्याची मुदत घालू नका.

मुलगा तेव्हा जन्मलाही नव्हता. आई नळाला एवढी का घाबरते हे त्याला कळणार कसे? रागाच्या वेळी नव्हे, एखाद्या रात्री जेवताना त्याला त्या रांगेची गोष्ट सांगा. नळ बंद करायला त्याला शिकवायचे आहेच, ते सोडायचे नाही. मात्र हात पुन्हा उगारला गेला तर वाट न पाहता टेलिमानसच्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर समुपदेशकाशी बोला.