आक्कांविषयी लिहिताना

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या आजीच्या, आक्कांच्या, वर्षश्राद्धाला वाटायच्या पुस्तिकेसाठी तू लिहिलेलं पान मिळालं. ‘धर्मपरायण, प्रेमळ, कष्टाळू’ हे तिन्ही शब्द खरे आहेत. पण फलटण तालुक्यातल्या कुठल्याही आजीच्या फोटोखाली ते छापले तरी चालतील. मला त्यात आक्का दिसल्या नाहीत, आणि त्या दिसाव्यात अशी माझी फार इच्छा आहे.

त्यांची श्रद्धा किती होती हे सांगत बसू नकोस. श्रद्धेपायी त्यांनी काय केलं ते लिही. माहेर गोंदवल्याकडचं म्हणून जपाला रामनाम, सासर पालखीच्या वाटेवरचं म्हणून गळ्यात तुळशीची माळ. दोन्ही त्यांनी सांभाळलं. माउलींची पालखी लोणंदचा मुक्काम करून निघते, चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं आणि तरडगावला मुक्काम पडतो. त्या दिवशी तुमच्या घरी किती पायली पीठ लागायचं, भाकरी थापायला कोणाकोणाच्या सुना यायच्या, हे तुझ्या आईला तोंडपाठ असेल. आणि हेही विचार, की आक्का स्वतः पंढरपूरपर्यंत पायी पहिल्यांदा कधी गेल्या? धारा काढायला तोवर घरी दुसरं कोणी नव्हतं, एवढं मला माहीत आहे.

सगळ्यात जास्त जागा त्यांच्या वाचायला शिकण्याला दे. १९५९ साली आपल्या सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. शेतातली कामं उरकून बाया रात्री कंदिलाच्या उजेडात पाटी घेऊन बसत, त्यांत तुझी आजी होती. हरिपाठ त्यांना माहेरी ऐकून ऐकून आधीच पाठ होता. अक्षरओळख होताच त्यांनी हरिपाठाचंच पुस्तक उघडलं आणि तोंडी असलेला एकेक शब्द कागदावर कुठे आहे ते बोटाने शोधत गेल्या. हे त्यांनीच मला सांगितलं होतं. पुढे एकनाथी भागवत स्वतः लावून वाचलं. मी उभी हयात शाळेत घालवली, पण अक्षराची एवढी ओढ फार थोड्यांत पाहिली. तुझ्या धाकट्या आत्याला सातवीनंतर घरी बसवायचं ठरलं, तेव्हा आक्का आडव्या का आल्या, याचं उत्तर त्या पाटीपाशी आहे असं मला वाटतं. देवघर आणि शाळा या त्यांच्या लेखी दोन वेगळ्या जागा नव्हत्याच. हे तुझ्या पानात एका ओळीतही आलेलं नाही.

म्हाताऱ्या माणसांना सन विचारू नकोस. कोयनेचा भूकंप झाला त्या पहाटे कोण पाळण्यात होतं, असं विचार. म्हणजे ११ डिसेंबर १९६७ हाती लागेल. बहात्तरच्या दुष्काळात आक्कांच्या माहेरच्या माण तालुक्यातून कोण तुमच्याकडे राहायला आलं, कोण दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलं, कोणी तिथे वाटलेली सुकडी खाल्ली, असं विचार. माणात तेव्हा प्यायला पाणी नव्हतं आणि तुमच्या रानात पाट होता. भावाची पोरं त्या वर्षी आक्कांच्या पंगतीला होती, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

जात्यावरच्या ओव्या हव्यात ना? मग आत्यांना नुसतं ‘म्हणा’ म्हणू नकोस. माळवदावर पडलेलं जातं खाली काढ, खुंटा ठोक, मूठभर ज्वारी घाल. हात फिरायला लागला की ओवी सुचते. मोबाइल शेजारी चालू ठेव आणि मध्ये बोलू नकोस.

काही गोष्टी घरचे म्हणतील, लिहू नको. आक्का सुनांना त्या चार दिवसांत बाजूला बसवत, आणि नातींच्या वेळी त्यांनी ते आपणहून बंद केलं. यातलं पहिलं लपवलंस तर दुसऱ्याला काय किंमत राहिली? तुझे मधले काका लहानपणी तापाने गेले, त्यानंतर कितीतरी दिवस त्यांनी देवाला पाणी घातलं नाही. दिवा लावायचे ते तुझे आजोबा. हे लिहायचं की नाही ते तुझ्या वडिलांना विचारून ठरव. मला विचारशील तर लिही. रुसून पुन्हा परतलेली ती भक्ती होती, आणि ज्या घरात लेकरू गेलं आहे त्या घराला ती जवळची वाटेल.

त्यांचं माहेरचं नाव तुझ्या पानावर नाही. दहिवडीला तहसील कचेरीत जाऊन त्यांच्या वडिलांच्या जमिनीचे जुने फेरफार, म्हणजे नावबदलाच्या नोंदी, काढ. १९५६ च्या वारसा कायद्यानंतर बाप गेला की लेकींची नावं वारस म्हणून लागत, आणि बहुतेक ठिकाणी पुढच्याच फेरफाराला हक्कसोड होऊन कमी होत. तिथे त्या माहेरच्या नावाने सापडतील. हक्कसोडपत्र मिळालं तर खाली अंगठा आहे की सही, ते बघ. सही असेल तर तिचा फोटो पुस्तिकेत घाल, आणि भावाला जमीन सोडताना त्यांना काय वाटलं ते आत्यांना विचार.

थोरल्या आत्याकडे आधी जा. त्यांना हल्ली ऐकू कमी येतं, दुपारनंतर थकतात. सकाळी जा आणि आईला बरोबर ने. नवं पान झालं की मला धाड, मी शुद्धलेखन पाहून देईन.

तुझे,
गुरुजी