आईच्या सुरकुत्यांसाठी पेप्टाइड सीरम घेऊ का?

ताई, तुम्ही लिहिलंय की आईची तीस वर्षं वावरात गेली, चेहरा रापला, सुरकुत्या पडल्या. तिच्यासाठी 1,200 रुपयांचं पेप्टाइड सीरम घ्यावं का. यवतमाळ जिल्ह्यात माझं मेडिकल आहे. मी तरी म्हणेन, आधी ते नको.

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. कातडीतलं कोलॅजन, म्हणजे तिला घट्ट ठेवणारं प्रथिन, तुटलं की असे तुकडे सुटतात आणि पेशींना नवं कोलॅजन करायची खूण मिळते. सीरममधलं पामिटॉइल पेंटापेप्टाइड-4 तीच खूण बाहेरून देऊ बघतं. नुसता तुकडा वरच्या तेलकट थरातून आत शिरत नाही, म्हणून त्याला स्निग्धाम्लाची शेपटी जोडतात. 2005 सालच्या एका अभ्यासात 93 बायकांनी 12 आठवडे अर्ध्या चेहऱ्याला ते लावलं. बारीक रेषा कमी झाल्या, पण थोड्याच. अभ्यासही क्रीम विकणाऱ्या कंपनीचाच होता. त्यात पेप्टाइड होतं दहा लाख भागांत 3 भाग! तेव्हा बाटलीवरच्या यादीत ते शेवटी दिसलं म्हणून माल खोटा समजू नका.

पण आईच्या खोल रेषा उन्हाच्या आहेत, आणि ऊन रोजचंच. ऑस्ट्रेलियात 55 च्या आतल्या लोकांवर साडेचार वर्षं प्रयोग झाला. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांची कातडी तेवढ्या काळात मोजण्याइतकीही म्हातारी झाली नाही. म्हणून पहिला पैसा सनस्क्रीनला. दोन बोटं भरून चेहऱ्या-मानेला, घाम आला की परत. कापूस वेचताना दुपट्टा कपाळापर्यंत ओढलेला हवाच.

गालावर काळे डाग असतील तर ते बहुधा वांग. त्यावर पेप्टाइडचा उपयोग नाही. आणि मैत्रिणीनं दिलेली गोरं करणारी ट्यूब आईला अजिबात लावू देऊ नका. त्यात बरेचदा स्टेरॉइड असतं. महिनाभर चेहरा उजळ दिसतो, मग कातडी पातळ होऊन लालभडक होते. अशा बाया माझ्या दुकानात रडत आल्यात. वांगासाठी कातडीच्या डॉक्टरकडेच न्या.

एवढं करून पैसे उरले तर सीरम घ्या. रात्री चेहरा धुऊन लावायचं, तीन महिने तरी. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, टिनाखालच्या खोलीत बाटली ठेवू नका. फ्रीज नसेल तर माठाजवळच्या गार कोपऱ्यात ठेवा.