आमिश लोकांची वडाप आणि गाडीचा विमा

तुम्ही लिहिलंय की कऱ्हाड-पाटण लायनीला आठ वर्षं वडापची, म्हणजे सीटवर भाडं घेणारी, गाडी चालवली, बहिणीच्या अर्जावर ग्रीन कार्ड झालं, आणि आता अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरला येऊन आमिश लोकांची (साधं, जुन्या वळणाचं जगणारा ख्रिस्ती पंथ) ने-आण करायची आहे. दाजी म्हणतात घरच्या गाडीचा विमा पुरतो. नाही पुरत.

धंदा खरा आहे. हे लोक मोटार बाळगत नाहीत, चालवत नाहीत, पण दुसऱ्याच्या मोटारीत बसायला मनाई नाही. दवाखाना, बांधकामाची साइट, नोव्हेंबरातली मंगळवार-गुरुवारची लग्नं, त्यांच्या घोड्याच्या बग्गीच्या टप्प्याबाहेरचं सगळं. भाडं मैलावर, थांबायचे पैसे वेगळे. (ग्रीन कार्ड आहे म्हणून बोलतोय, एच-१बी या नोकरीच्या व्हिसावाल्यानं या फंदात पडू नये.)

घरगुती पॉलिसीत एक कलम असतं: भाडं घेऊन माणसं नेताना संरक्षण नाही. आपल्याकडे पांढऱ्या पाटीच्या गाडीत भाडं भरलं की कंपनी हात वर करते, तसंच. पेट्रोलचा खर्च वाटून घेणं चालतं, पण मैलाचा दर लावलात की ते वाटून घेणं राहत नाही. उबरवाल्यांना मिळणारं जादा कलमही कामाचं नाही. ते अ‍ॅपवरच्या भाड्यापुरतं, आणि आमिश गिऱ्हाईक शेताकडेच्या फोनच्या खोपटातून फोन करतं.

‘ओळखीचे आहेत असं सांगू’ हा बेत मीही पहिल्या वर्षी केला होता. इथल्या न्यू हॉलंड गावाच्या पुढे हरीण आडवं आलं, व्हॅनचं तोंड चेपलं. विमा कंपनीच्या माणसानं मागच्या सीटवरच्या आजोबांना विचारलं, याला किती देता? त्यांनी सेंटासकट सांगितलं. क्लेम गेला, दुरुस्ती माझ्या खिशातून. आजोबांवर रागावणार कसा? माझ्यासाठी ते खोटं बोलले असते तर मलाच लाज वाटली असती.

दुसरी समजूत: ते कोर्टात जात नाहीत, मग भीती कसली? बहुतेक जात नाहीत, खरंय. पण समोरच्या गाडीतला जातो. शिवाय आमिश सहसा बाजारातला आरोग्य विमा घेत नाहीत. हॉस्पिटलचं बिल आपसात वर्गणी काढून भरतात. आपल्या चुकीची वर्गणी त्यांनी भरावी, हे मला पटत नाही.

तेव्हा आधी पेनसिल्व्हेनियाच्या पब्लिक युटिलिटी कमिशनकडे (भाड्याच्या वाहतुकीला परवाने देणारं राज्याचं खातं) पॅराट्रान्झिटचा, म्हणजे ठरावीक प्रवाशांच्या सामायिक वाहतुकीचा, अर्ज करा. ‘वैयक्तिक श्रद्धेमुळे मोटार बाळगू किंवा चालवू न शकणाऱ्या’ प्रवाशांपुरता परवाना ते देतात. त्यासोबत व्यावसायिक पॉलिसी लागते, आणि तिचा दाखला विमा कंपनीच कमिशनकडे भरते. १५ आसनांपर्यंत कमिशनची विम्याची किमान मर्यादा ३५,००० डॉलर. इथल्या एका ऑपरेशनला ती अपुरी पडते, म्हणून मी बरीच जास्त घेतली.

शेजारच्या मेरीलँड राज्यातल्या बाजारात दुकान लावणाऱ्या आमिश बायकांची फेरी पक्की आणि चांगल्या पैशाची असते, पण राज्याची हद्द ओलांडली की केंद्राचा नियम लागतो: १५ आसनांपर्यंतच्या भाड्याच्या व्हॅनला १५ लाख डॉलरचा विमा. १६ आसनांपासून पुढे ५० लाख. हप्ता ऐकून मी ती फेरी सोडली.

व्हॅन घेण्याआधी हप्त्याचा आकडा लेखी मागवा आणि एजंटला ‘भाड्यानं माणसं नेणार’ हे स्वच्छ सांगा. दाजींच्या गाडीवर महिनाभर चालवून बघतो म्हणालात, ते मात्र नको. उद्या काही झालं तर पॉलिसी त्यांची जाईल आणि बहिणीला तोंड तुम्हाला दाखवावं लागेल.