हिरा कुठल्या अंगानं झिजतो?

हिऱ्याच्या कामाबद्दल या वेळी चार पत्रं आहेत. दुसरं घंटीवर, म्हणजे हिरा घासायच्या यंत्रावर, बसलेल्या माणसाचं आहे, म्हणून त्याला जागा जास्त दिली.

प्रश्न : मुलगा बारावी झाला. सुरतला पैलू पाडायला पाठवावं की ग्रेडिंगचा, म्हणजे हिऱ्याची प्रत ठरवण्याचा, कोर्स करू द्यावा? — एक पालक, केज

उत्तर : पैलू पाडणं हातात बसावं लागतं, ग्रेडिंग नजरेत. कारखान्यात एकाच कारागिराकडे अख्खा हिरा सहसा नसतो. कुणी तळिया, म्हणजे हिऱ्याच्या कमरेखालचा (सर्वांत रुंद कडेच्या खालचा) भाग करतो. कुणी मथाळा, म्हणजे वरचा. त्यामुळे ‘काम शिकवतो’ म्हणणाऱ्याला आधी विचारा : नेमकं कुठलं? ग्रेडिंगसाठी सुरतला इंडियन डायमंड इन्स्टिट्यूट आहे, मुंबईत जीआयए ही संस्था. फी भरण्याआधी एवढंच विचारा, की अभ्यासाला सुटे हिरे किती हाताखालून जातील. पडद्यावरचे फोटो पाहून व्हीएस२ आणि एसआय१ या शुद्धतेच्या लागून असलेल्या प्रतींतला फरक कुणालाच कळत नाही. आणि मुलाची रंगदृष्टी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून आधीच तपासून घ्या.

प्रश्न : सहा महिने घंटीवर आहे. टेबल (हिऱ्याचा वरचा सपाट पैलू) घासताना काही हिरे पटकन झिजतात, एखादा कितीही दाबला तरी ढिम्म. एकावर तर पांढुरकं धुकं आलं. चूक कुठं होते? — एक वाचक, परळी वैजनाथ (सध्या सुरत)

उत्तर : दाब कमी पडत नाही, दिशा चुकते. तुमची सरण, म्हणजे घंटीची फिरती चकती, बिडाची (जिल्ह्याच्या नव्हे, ओतीव लोखंडाच्या अर्थानं). तिच्यावर तेलात कालवलेली हिऱ्याचीच भुकटी असते. हिरा सगळ्या दिशांनी सारखा कठीण नसतो. भुकटीचे कण वाटेल तसे पडलेले असल्यानं त्यांतल्या काहींची कठीण बाजू कायम वर असते, आणि ती तुमच्या हिऱ्याच्या मऊ दिशेला खाते. त्या दिशेनं हिरा धरलाच नाही तर भुकटी काय करणार?

अष्टफलक खडा, म्हणजे बुडाला बुड लावलेले दोन पिरॅमिड, मधोमध करवतला की चौकोनी तोंड निघतं. त्याचंच टेबल करतात. सरण या चौकोनाच्या एका कोपऱ्याकडून समोरच्या कोपऱ्याकडे गेली तर हिरा झिजतो. कडेला समांतर गेली तर झिजत नाही. म्हणजे अडलं तर खडा 45 अंशांनी वळवा. हलकेच टेकवा, उचला, भिंगातून पाहा. दिशा चुकलेली असली की आवाज कर्कश येतो आणि खडाच सरणीला ओरबाडतो. अष्टफलकाच्या मूळ बाजूला अगदी समांतर असलेलं तोंड तर जवळजवळ झिजतच नाही. तिथं टेबल काही अंश कलतं घ्यावं लागतं.

धुकं म्हणजे भाजल्याचा डाग. दिशा चुकलेली, त्यात वरून दाब, म्हणजे उष्णता वाढणारच. दिशा सुधारा, ताजी भुकटी लावा, दाब कमी करा. वरचा पातळ थर गेला की डाग जातो. टेबलावर एका ठिकाणाहून शेपटीसारख्या रेघा निघत असतील तर तो डाग नव्हे. तिथं बहुतेक गाठ असते, म्हणजे वेगळ्या दिशेनं वाढलेला हिऱ्याचाच कण.

आणखी एक. गोल हिऱ्याला 57 पैलू. टेबल 1, मथाळ्याचे मुख्य 8, तळियाचे मुख्य 8 असे 17 आधी. उरलेले 40 छोटे नंतर. त्या 17 मधली चूक 40 मध्ये भरून निघत नाही. तळियाचा कोन 41 अंशांच्या आसपास हवा. फार उथळ झाला तर टेबलातून कमरेचा पांढरट कडा माशाच्या डोळ्यासारखा दिसतो, फार खोल झाला तर मध्यभाग काळा पडतो.

प्रश्न : सुटा हिरा मी ‘एच’ रंगाचा धरला, लॅबनं ‘जे’, म्हणजे त्याहून पिवळसर रंग दिला. उन्हात नेऊनही बघितला होता! — एक सराफ, जालना

उत्तर : तिथंच फसलात. उन्हात अतिनील किरण असतात. निळं फ्लुरोसन्स असलेला, म्हणजे अतिनील किरणांत निळा उजळणारा, पिवळसर हिरा त्यात पांढरा दिसतो. दिवसाच्या उजेडासारखा पांढरा दिवा वापरा, दुकानातले पिवळे दिवे बंद ठेवा. हिरा स्पिरिटनं पुसून, टेबल खाली करून, पांढऱ्या कागदाच्या घडीत ठेवा. वरून पाहिलं तर चमक रंग झाकते. बाजूनं, तळियातून पाहा. चमक तरीही त्रास देत असेल तर हिऱ्यावर फुंकर मारा, वाफ जाईपर्यंतच्या क्षणभरात रंग नीट दिसतो. तुलनेच्या मास्टर हिऱ्यांना, म्हणजे रंग आधीच ठरलेल्या नमुन्याच्या हिऱ्यांना, फ्लुरोसन्स नसावं. आपला हिरा मास्टरच्या डावीकडे ठेवून पाहा, मग उजवीकडे. सारख्याच रंगाचा हिरा एका बाजूला गडद आणि दुसऱ्या बाजूला फिका वाटू शकतो. अंगठीत बसवलेल्या हिऱ्याला मात्र एकच अक्षर देऊ नका, सोनं त्याला रंग देतं. ‘एच ते जे’ असं लिहून द्या.

प्रश्न : लॅबमध्ये वाढवलेला हिरा पेन टेस्टरवर ओळखू येतो का? — एक वाचक, लातूर

उत्तर : नाही. साधा टेस्टर उष्णता किती लवकर वाहते तेवढंच बघतो, आणि सीव्हीडी हिरा (लॅबमध्ये वायूपासून थराथरानं वाढवलेला) हा हिराच असल्यानं तो सहज पास होतो. मोइसनाइट, म्हणजे हिऱ्यासारखा दिसणारा वेगळाच खडा, हाही पुष्कळदा पास होतो. त्याला पकडायला दहापटीचं भिंग पुरतं : खडा जरा तिरका करून आत पाहिलं की पलीकडच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात. सीव्हीडीसाठी मात्र स्क्रीनिंगचं यंत्र किंवा लॅब, याला तिसरा रस्ता नाही.