विश्वामित्रीच्या मगरीपासून सुरुवात कर

अनेक आशीर्वाद.

दांडिया बाजारातल्या मुलांसाठी तू रविवारचा वर्ग घेणार आणि विषय हवामानबदल आणि वन्यप्राणी, हे वाचून फार आनंद झाला. आराखडा वाचला. त्यातलं बर्फावरचं पांढरं अस्वल पहिल्या दिवशी तरी नको. बडोद्याच्या मुलाने ते चित्रातच पाहिलेलं असतं. त्याची कीव येते, पण प्रश्न पडत नाहीत. मगर मात्र त्यांच्या ओळखीची आहे. २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचा पूर वस्तीत शिरला तेव्हा मगरी रस्त्यांवर आल्या होत्या. तेव्हा काय पाहिलं, ते आधी मुलांनाच सांगू दे.

मग अंड्याची गोष्ट सांग. मगरीचं अंडं घातलं जातं तेव्हा आत नर आहे की मादी हे ठरलेलंच नसतं; ते घरट्यातल्या उष्णतेवर ठरतं. तापमान सतत २८ ते ३१ अंश राहिलं तर सगळ्या माद्या निपजतात, साडेबत्तीसच्या आसपास नर. दीड अंशाचा खेळ! एवढं सांगून जरा थांब, मुलांना बोलू दे.

कुणीतरी म्हणेलच, ‘मग ऊन वाढलं की सगळे नरच होणार!’ तिथे घाईने मान डोलवू नकोस. उन्हाळ्याच्या तोंडाशी मादी काठावर खड्डा खणून अंडी घालते. जागा तिची, खोलीही तिचीच. सावली, ओल, मातीचा पोत, सगळ्याचा परिणाम होतो, आणि एकाच घरट्यात वरची अंडी नि तळाची अंडी सारखी तापत नाहीत. हे नुसतं सांगू नकोस, करून दाखव. एप्रिलच्या दुपारी शाळेच्या आवारात दोन खड्डे घ्या, एक उन्हात, एक कडुनिंबाखाली, आणि वीतभर खोल तापमापक ठेवा. आकडे मुलांनीच वहीत लिहायचे. काठावरचं झाड तोडलं तर घरट्याचं काय होईल, हे मग त्यांना तुझ्याआधी सुचेल.

पुराबद्दल बोलताना फार जपून बोल. ३१ जुलै २०१९ला बडोद्यात एका दिवसात सुमारे वीस इंच पाऊस पडला. हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावतं, म्हणून अशा मुसळधार सरींचा धोका वाढतो, इथवर पक्कं. पण नदीकाठची कोतरं, म्हणजे घळी, आपणच बुजवली, काठावर बांधकामं केली, पाण्याला पसरायला जागा ठेवली नाही. मगर अंगणात येते त्यामागे हेही आहे. सगळं खापर हवामानावर फोडणारं शिक्षण मला पटत नाही. त्याने मोठी माणसं सुटतात आणि मुलांच्या हाती काहीच उरत नाही. अवकाळी पावसाने पाणी चढलं तर काठावरची अंडी बुडतात, हे सांग; आणि काठ कुणी अरुंद केला, हेही त्याच तासात सांग.

मुलं घाबरतील. एखादी रडवेली होऊन विचारेल, ‘मगरी संपतील का?’ खोटा धीर देऊ नकोस. मगरीला १९७२च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, आणि एवढ्या मोठ्या शहराच्या मधोमध ती आजही जगते आहे, हे खरं आहे, तेच सांग.

हिवाळ्यात सकाळी त्यांना काळाघोड्याजवळच्या पुलावर ने. ऊन खात पडलेली मगर दिसली तर दिसली. पाण्याजवळ मात्र कुणालाही उतरू देऊ नकोस, पालक सोबत असले तरी. जानेवारीत जमलं तर वढवाणा तलावही दाखव. २०२१पासून तो रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब हंस तिथे उतरतात, आणि मध्य आशियातल्या पाणथळी आटल्या तर डभोई तालुक्यातल्या या तलावावर काय होईल, हा प्रश्न तिथे उभं राहून विचारला तर मुलांना तो समजतो.

आणि हो, वन विभागाचा मदत क्रमांक प्रत्येकाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून घे. पावसाळ्यात सोसायटीत मगर आली की दगड उचलायच्या आधी फोन लावायचा, हे मुलं घरी सांगतील आणि घरचे ऐकतीलही.

कळावे. पहिल्या वर्गाचं सविस्तर लिही, मुलांचे प्रश्न त्यांच्याच शब्दांत.

तुझ्या बाई