बी धरायचं तर एक काकडी वेलावरच पिकू द्या

प्रश्न : खारघरला नवव्या मजल्यावर बाल्कनीत थोडी बाग केली आहे. लोणच्याच्या काकडीचं ‘बोस्टन पिकलिंग’ हे जुनं वाण ऑनलाइन मागवून जूनमध्ये लावलं. वेल जोमात वाढला, फुलं भरपूर आली, पण सगळी गळली. जुलैअखेर पानांवर पिवळे डाग पडून वेल गेला. पाकिटात आठ बिया उरल्या आहेत. कुठे चुकलं? आणि दरवर्षी विकत न घेता घरचं बी धरता येईल का?
– एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, आधी त्या आठ बिया काचेच्या लहान बाटलीत घट्ट झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवा. कोरडं राहिलं तर काकडीचं बी चार-पाच वर्षं उगवतं.

गळलेली फुलं बहुतेक नर असणार. काकडीला आधी तीच येतात आणि गळतात. मादी फुलाच्या मागे इवलीशी काटेरी काकडी असते, ती दिसली की समजायचं. बोस्टन पिकलिंग हे एकोणिसाव्या शतकातलं अमेरिकी सरळ, म्हणजे संकरित नसलेलं, वाण आहे. पॉलिहाऊसमधल्या काही संकरित काकड्या परागीकरणाशिवाय फळ धरतात, ही धरत नाही. तिला मधमाशी लागते, आणि जुलैच्या पावसात नवव्या मजल्यावर मधमाशी कुठून येणार? पानांवरचे डाग शिरांनी अडवल्यासारखे कोनाकोनांचे असतील आणि पानाखाली करडी-जांभळट बुरशी असेल, तर तो केवडा नावाचा रोग. पानं दिवसभर ओली राहिली की तो पसरतो.

मी ठाण्याला नौपाड्यात गच्चीवर ही काकडी दिवाळीच्या सुमारास लावते. पाऊस संपलेला असतो आणि थंडी आपल्याकडे एवढी पडत नाही की बी रुसेल. रंगाची वीस लिटरची बादली घ्या, तळाला भोकं पाडा. निम्मी माती, बाकी शेणखत आणि कोकोपीट. बी दोन सेंटिमीटर खोल, थेट बादलीतच टोचा, कारण काकडीच्या मुळांना हलवलेलं सोसत नाही. पाच-सात दिवसांत कोंब दिसतो. सहा तास ऊन आणि चढायला सुतळी हवी. पाणी नेमाने, बुंध्याशी घाला. वेल तहानला की काकडी कडू होते. आठ-दहा सेंटिमीटरची झाली की तोडायची. मोठी होऊ दिलीत तर बिया राठ होतात आणि लोणचं पोकळ लागतं.

आता बी. इथे माझ्याकडून एक चूक झाली होती, ती सांगते. शेजारच्या कुंडीत गावठी काकडीही होती. बोस्टन पिकलिंगचं एक फळ मी पिकवून बी ठेवलं. फळ अगदी मूळ वाणासारखंच होतं, पण पुढच्या वर्षी त्या बियांतून फिकट, लांबट, भलत्याच काकड्या निघाल्या. माशीने दोन्हींचे पराग एकत्र केले होते. दुधी किंवा कलिंगड शेजारी असेल तर काळजी नाही, काकडीचा त्यांच्याशी संकर होत नाही. पण दुसरी काकडी असली की होतो. तेव्हापासून मी हे काम हाताने करते. दुसऱ्या दिवशी उमलणाऱ्या कळीचं टोक संध्याकाळी पिवळं दिसतं. एक मादी आणि दोन नर कळ्या दोऱ्याने हलकेच बांधून ठेवते. सकाळी सात-आठला नर फूल तोडून पाकळ्या काढते, मादी फुलाच्या मधोमध अलगद फिरवते, आणि मादी फूल पुन्हा बांधते. देठाला लाल दोरा बांधते, म्हणजे ते फळ चुकून तोडलं जात नाही. वेलाला तीन-चार काकड्या लागून गेल्यावर हे करा. पहिलंच फळ पिकायला ठेवलं तर वेल पुढे फुलायचा थांबतो.

ते फळ पिवळं-तपकिरी होऊन मऊ पडलं की काढा. बिया गरासकट थोड्या पाण्यात दोन-तीन दिवस ठेवा, वास येईल, येऊ द्या. बुळबुळीत आवरण सुटतं, भरलेल्या बिया तळाला बसतात. धुऊन बशीत सावलीत आठवडाभर वाळवा. सावंतवाडीला माझी आजी तवशाच्या, म्हणजे तिकडच्या मोठ्या गावठी काकडीच्या, बिया चुलीच्या राखेत घोळून ठेवायची आणि पिकलेली तवशी आढ्याला टांगायची. चतुर्थीला गणपतीच्या वर फळं-फुलं टांगतात त्या माटोळीला तवसं घरचंच असायचं. बी घरचं असणं म्हणजे काय, हे मी तिथे पाहिलं.

लोणच्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. लिटरभर पाण्यात पन्नास ग्रॅम खडे मीठ, लसूण, आणि बडीशेप नव्हे, बाळंतशेपा. ते शेपूचंच बी, अमेरिकेत या लोणच्यात शेपूच घालतात. काकडीचं फुलाकडचं टोक थोडं कापून टाका, नाहीतर लोणचं लिबलिबीत होतं. काकड्या पाण्याखाली बुडालेल्या राहू द्या. आपल्या हवेत तीन-चार दिवसांत आंबतं, मग फ्रिजमध्ये.

हात बसेपर्यंत ‘पूना खीरा’ही लावून बघा. आपलं हे जुनं वाण आता अमेरिकेतले बियाणेवाले विकतात. पण ते बोस्टनच्या शेजारी नको, त्याचा वेल संपल्यावर लावा. आणि आठांपैकी चारच बिया दिवाळीला टोचा, चार फ्रिजमध्ये राहू द्या.