लाल डब्यातला खेळ पुन्हा मांडताना

मामांच्या माळ्यावर ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या, प्रत्येकानं एकेक पात्र घेऊन खेळायच्या साहसखेळाचा १९८३ चा लाल डबा सापडला. पुस्तकांवर बुरशी, पिना गंजलेल्या, फासे गायब. पाच जण खेळायला तयार आहेत. सुरुवात कुठून करू? (एक वाचक, खानापूर)

आधी पुस्तकं वाचवा, खेळ पळून जात नाही. फ्रँक मेन्ट्झर यांनी संपादित केलेल्या या संचात खेळाडूंचं ६४ पानी आणि डीएमचं (डन्जन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) ४८ पानी अशी दोन पुस्तकं असतात. पानं मोजून घ्या. पिन गंजली की मधली पानं आधी सुटतात.

तुमच्याकडच्या पावसात माळ्यावरचा कागद ओल धरणारच. पण तो उन्हात वाळवू नका, वाकडा होतो आणि रंग उडतो. पंख्याखाली सावलीत, पानं थोडी उघडी करून ठेवा. बुरशी पार कोरडी झाली की घराबाहेर नेऊन, नाकातोंडाला मास्क लावून, मऊ ब्रशनं कण्याकडून कडेकडे झटका. ओल्या फडक्यानं पुसलंत तर डाग कागदात मुरतो.

पिना काढताना घाई नको. बरोबर मधलं पान उघडा, पिनेचे दुमडलेले पाय बोथट सुरीच्या टोकानं उभे करा, पुस्तक पालथं करा आणि कण्याकडून पिन सरळ ओढा. स्टेपल रिमूव्हर वापरलात तर गंजाभोवतीचा ठिसूळ कागदही त्याच्या दातांबरोबर येतो. मग त्याच भोकांतून जाडसर सुती दोरा ओवा आणि गाठ आतल्या बाजूला मारा. सेलोटेप नको, लॅमिनेशन तर नकोच. बाइंडरकडे दिलंत तर खळ लावू नका म्हणून बजावा, खळीवर कसर हमखास येते. टेबलावर वापरायला याची अधिकृत पीडीएफ विकत मिळते. तिची छापील प्रत चहा सांडायला मोकळी.

फाशांवाचून अडण्याचं कारण नाही. १९७९ च्या सुमारास फासे कमी पडले तेव्हा मूळ प्रकाशक टीएसआरनंच डब्यात आकड्यांचे पुठ्ठ्याचे तुकडे घातले होते. बेळगावच्या खडे बाजारातून हाऊजीचा एक संच आणा. २० बाजूंच्या फाशाऐवजी १ ते २० आकड्यांच्या सोंगट्या पिशवीत घाला. ८ बाजूंच्यासाठी १ ते ८, १० बाजूंच्यासाठी १ ते १०. काढलेली सोंगटी दर वेळी परत पिशवीत गेलीच पाहिजे. नाही तर मोठे आकडे संपल्यावर पुढच्या खेळाडूची बोंब. ४ बाजूंच्यासाठी साधा लुडोचा फासा टाका आणि ५ किंवा ६ पडले तर पुन्हा टाका. १२ बाजूंच्यासाठी फासा आणि नाणं: छापा आला तर ६ मिळवा, काटा आला तर आहे तेच. दोन साध्या फाशांची बेरीज मात्र चालणार नाही. तिच्यात १ कधीच येत नाही आणि ७ सगळ्यात जास्त वेळा येतो.

आमचा खेळ तिसऱ्या रविवारपुढे जात नाही. पहिल्याच लढाईत निम्मे मरतात, उरलेल्यांची लेव्हल वाढत नाही. जुने नियमच वाईट आहेत का? (एक वाचक, निपाणी)

नियम कडक आहेत, पण तुम्ही त्यातले निम्मेच वापरताय असं दिसतं. पहिल्या लेव्हलच्या जादूगाराला ४ बाजूंच्या फाशाइतकाच जीव, म्हणजे एका घावाचा सोबती. दिसला राक्षस की उपस तलवार, असं खेळलात तर माणसं मरणारच. म्हणून भेट झाली की आधी डीएमनं दोन साधे फासे टाकून समोरच्याची वृत्ती ठरवायची. थेट हल्ला फक्त २ पडले तर, म्हणजे ३६ पैकी एकदाच. मधल्या आकड्यांवर तो घुटमळतो. तेव्हा बोला, लाच द्या, पळा.

दुसरा विसरलेला नियम मनोधैर्याचा. शत्रूपैकी पहिला पडला की एकदा आणि निम्मे पडले की पुन्हा, दोन फासे टाका. बेरीज त्यांच्या मनोधैर्यापेक्षा जास्त आली की ते पळतात किंवा शरण येतात. गॉब्लिन या छोट्या राक्षसाचं मनोधैर्य ७, म्हणजे प्रत्येक वेळी ३६ पैकी १५ शक्यता ते पळण्याची. हे न टाकता शेवटचा गॉब्लिन मरेपर्यंत लढत बसलात, तर ती डीएमची चूक.

लेव्हलचं गणितही खजिन्यावर चालतं. एका गॉब्लिनचे ५ अनुभवगुण, पण सुखरूप बाहेर आणलेल्या प्रत्येक सोन्याच्या नाण्याचा १. योद्ध्याला दुसरी लेव्हल गाठायला २,००० लागतात, चोराला १,२००. चार योद्धे असतील तर नकाशात ८,००० नाण्यांचा ऐवज असायलाच हवा, आणि त्यातला काही सापडणार नाही हे धरून आणखी थोडा. आमच्या मते खेळ बंद पडायचं खरं कारण डीएमची कंजुषी.

आणि दर रविवारचा खेळ गोष्टीतल्या गावात सुरू करून त्याच गावात संपवा. मग तंबाखूच्या हंगामात दोघे आले नाहीत तरी गोष्ट अडत नाही.

टेबलावर निम्मे कन्नड बोलणारे. पात्रांची माहिती लिहायची पत्रकं कोणत्या भाषेत करावीत? (एक वाचक, चिकोडी)

बोलणं जसं होतं तसं मिसळ होऊ द्या. पत्रकावर आकडे तेवढे इंग्रजी ठेवा, सगळ्यांना वाचता येतात.

लाल डब्याचं मराठी भाषांतर करून झेरॉक्सच्या खर्चात वाटायचं आहे. चालेल का? (एक वाचक, शहापूर, बेळगाव)

नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं भाषांतराचा हक्क मूळ मालकाचाच, आणि नफा न घेतल्यानं तो तुमचा होत नाही. टीएसआर १९९७ मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्टनं घेतली, तेव्हा परवानगी तिथूनच लागेल.

सोपी वाट आहे ‘बेसिक फँटसी’ची. हा त्याच जुन्या धाटणीचा खेळ. चौथ्या आवृत्तीपासून तो क्रिएटिव्ह कॉमन्सच्या (सगळ्यांना वापरायला खुल्या परवान्यांच्या) अशा परवान्याखाली आहे की भाषांतर करा, छापा, विका. अटी दोनच: मूळ कर्त्यांचा उल्लेख, आणि तुमचं भाषांतरही त्याच परवान्यानं खुलं. मुखपृष्ठावर ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ छापू नका, ते नाव दुसऱ्याचं आहे.

लाल डब्यातली साहसं यावर चालवताना फक्त चिलखताचा आकडा बदलावा लागतो. डब्यात आकडा जितका कमी तितकं चिलखत भक्कम, इथे उलट. २० मधून जुना आकडा वजा करा: उघड्या अंगाचे ९ होते ते ११, कातडी चिलखताचे ७ ते १३, कडीच्या चिलखताचे ५ ते १५. ढाल असेल तर वर १ आणखी.